पाणी रोज बदलायचं

मामीनं अंगठ्यानं खारूची पापणी उचलून धरली, तशी खारूनं खुर्चीचे हात घट्ट आवळले आणि मान मागे खेचली.

"हलू नकोस. माझ्या कपाळाकडे बघ."

"मामी, दिवा बंद कर ना. आत कुणीतरी टाचणी फिरवतंय असं वाटतंय."

"दिवा बंद केला तर मी काय बघू? झालंच."

झालं काहीच नव्हतं. डोळ्याला धार लागली होती. पांढरा भाग इतका लाल झाला होता की बुबुळाची कडही नीट कळत नव्हती. आणि त्या कडेपासून थोडं आत, खालच्या बाजूला, मामीला एक धुरकट ठिपका दिसला. आरशावर श्वास सोडल्यावर उमटतो तसा. तिनं दिवा डावीकडून धरला, मग उजवीकडून. सावली असती तर सरकली असती. ठिपका जागचा हलला नाही.

बाहेरून, दुकानाच्या पुढच्या भागातून, ताईंचा आवाज आला.

"झालं का बघून? की अजून काही खपवायचंय?"

ताई म्हणजे मामीच्या नवऱ्याची थोरली बहीण, खारूची आई. चष्म्याच्या फ्रेमींनी भरलेल्या त्या दुकानात त्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या, पर्स मांडीवर धरून, माल परत करायला आलेल्या गिऱ्हाइकासारख्या. दुकान मामीचं होतं. डोळे तीच तपासायची, चष्मे तीच बनवून द्यायची, लेन्स कशी घालायची हेही तीच शिकवायची. मामा फिरतीच्या नोकरीवर. घरी असला तरी पाहुण्यासारखा. आणि दुकान उघडलं त्या दिवशी ताईंचं जे मत होतं तेच आजही होतं, की भावाच्या बायकोला शिंगं फुटली आहेत.

खारूच्या लेन्सवरून तर दोघींचं चांगलंच वाजलं होतं. खारू शाळेची बस चालवायची. घामानं चष्मा नाकावरून घसरायचा, बाहेरचा आरसा फ्रेमच्या कडेला यायचा आणि धूसर व्हायचा, आणि मुलं नेमकी त्याच बाजूनं उतरायची. एकदा एक पोरगी डबा उचलायला चाकापाशी वाकली होती, ती खारूला अगदी शेवटच्या क्षणी दिसली. त्याच संध्याकाळी ती मामीकडे आली आणि म्हणाली, मला लेन्स दे. "चांगला चष्मा आहे की! रोज सकाळी उठून डोळ्यात बोटं कशाला घालायची?" असं ताई म्हणाल्या होत्या. मामीनं त्यांना जुमानलं नव्हतं.

आता तोच डोळा तिच्या हाताखाली फडफडत होता.

"कधीपासून दुखतंय?"

"परवा थोडं होतं. काल रात्री झोपच नाही लागली."

"परवापासून? आणि आज येतेस?"

"फेऱ्या होत्या ना, मामी. आत्ताच तर मला नोकरीत कायम करायचं चाललंय. डोळ्यांचा दाखला द्यायचाय मला या आठवड्यात. तू काहीतरी थेंब दे, उद्या सकाळपर्यंत उतरेल."

मामीनं दिवा बंद केला. खारूनं लगेच तळहातानं डोळा झाकला आणि दीर्घ श्वास सोडला.

लेन्स वापरणाऱ्या माणसांबद्दल मामीचं एक ठाम मत होतं, ते म्हणजे ही माणसं थापा मारतात. स्वभावानं लबाड असतात म्हणून नव्हे. पथ्याबद्दल डॉक्टरांपुढे जो तो जशा मारतो तशाच. तेव्हा तिनं आवाज जरा चढवलाच.

"खरं सांग. झोपलीस ना लेन्स घालून?"

"नाही."

"दुपारची डुलकी? दोन फेऱ्यांच्या मधे, बसमधे?"

"अगं, नाही."

"अंघोळ करताना?"

"काढून करते."

"जुनीच जोडी ओढत असशील. अजून चालतेय, चालू दे."

"महिना झाला की तूच नवी देतेस. जुनी तुझ्यासमोर टाकते मी."

"हात?"

"साबणानं धुऊन, कोरडे करून. आणि पाणी रोज बदलते. कालच्या पाण्यात आजचं ओतत नाही. डबी पुसून उलटी ठेवते. मला तोंडपाठ आहे सगळं, मामी. मी काही नाही चुकवलेलं."

तोंडपाठ असणारच. मागच्या खोलीतल्या त्या आरशासमोर प्रत्येकाला बसवून मामी तीच वाक्यं त्याच क्रमानं म्हणायची आणि समोरच्याकडून म्हणवून घ्यायची. नळाचं पाणी अजिबात नाही. पाणी रोज बदलायचं. उरलेल्या पाण्यात नवं ओतायचं नाही. दुखलं, लाल झालं, की आधी लेन्स काढायची आणि मग विचार करायचा. जो अडखळेल त्याला ती लेन्स देत नसे. गिऱ्हाइकं तिला मागून हेडबाई म्हणत, आणि ते तिला माहीत होतं, आणि आवडतही होतं.

म्हणूनच तिचा खारूवर विश्वास बसेना. सगळं नीट केलं तर असा ठिपका येत नाही. पोरगी काहीतरी लपवतेय.

"ऊठ," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे जायचंय. आत्ता."

"थेंब नाही देत?"

"माझ्याकडचे थेंब डोळे कोरडे पडले तर घालायचे. हे त्यातलं नाही. या डोळ्यानं तू सायकलसुद्धा चालवायची नाहीस."

बाहेर येऊन तिनं शटर अर्ध्यावर ओढलं. ताई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आधी मुलीचा डोळा बघितला आणि मग मामीचा चेहरा. डोळ्यातलं त्यांना काही कळलं नसेल, पण चेहरा त्यांनी बरोबर वाचला.

"काय झालंय माझ्या मुलीला?"

"डॉक्टर सांगतील, ताई."

"तू का नाही सांगत? विकताना तर पोपटासारखी बोलत होतीस."

 मामीनं शटर पूर्ण खाली ओढलं आणि कुलूप लावलं. 

टॅक्सीत खारू मध्ये बसली, डोक्यावर ओढणी घेऊन. ऊन अंगावर आलं की कण्हायची. मामी खिडकीबाहेर बघत होती आणि मनातल्या मनात खारूचे दिवस चाळत होती. एक गोष्ट तिला पुन्हा पुन्हा टोचत होती. तिनं मागे एकदा खारूला विचारलं होतं, "पाणी संपलं असेल ना तुझं? घेऊन जा." तेव्हा खारू म्हणाली होती, "आहे घरी. आई देते." ते ऐकून मामी गप्प बसली होती. ताईंनी मुद्दाम दुसऱ्या दुकानातून आणायला सुरुवात केलेली दिसते, भावाच्या बायकोकडून घ्यायला कमीपणा वाटत असेल, असं तिला वाटलं होतं. कुठलं आणतात, कसलं आणतात, मुदत बघून घेतात का, हे विचारणं तिचं कामच होतं. पण रागाच्या भरात तिनं विचारलं नाही. मान राखायचा होता ना स्वतःचा!

आता विचारावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात टॅक्सी दवाखान्यापाशी थांबली.

डोळ्यांचे डॉक्टर मामीच्या ओळखीचे होते. ती त्यांच्याकडे पेशंट पाठवायची, ते तिच्याकडे चष्म्याचे नंबर पाठवायचे. बोलायला मोजके, हाताला हलके. त्यांनी खारूची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली, डोळ्यात पिवळं औषध सोडलं आणि निळा दिवा लावला. खोलीत अंधार होता. ताई दाराशी उभ्या होत्या आणि प्रत्येक वेळी खारू कण्हली की पर्सची चेन थोडी उघडत होत्या आणि बंद करत होत्या.

"लेन्स घालून झोपता?" डॉक्टरांनी यंत्रातून नजर न काढता विचारलं.

"नाही, डॉक्टर."

"पोहायला वगैरे?"

"पोहता येत नाही मला."

"पाणी रोज बदलता?"

"रोज. एक दिवसही चुकलं नाही. आणि जुन्यात नवं नाही घालत."

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले, आणि मामीकडे बघून हसले. "तुमची शिकवणी पक्की आहे."

मामीही हसली, किंचित. ताईंसमोर कुणीतरी असं म्हटलं याचं तिला बरं वाटलं. अशा वेळीसुद्धा बरं वाटलं, याची लाज वाटायला तिला सवडच मिळाली नाही.

डॉक्टरांनी खोलीतला दिवा लावला. बुबुळाला जखम आहे, म्हणाले, जंतू शिरलेत. काहीतरी कचरा गेला असेल, धूळ गेली असेल, बसच्या खिडकीतून. त्यांनी थेंब लिहून दिले. दर तासाला घालायचे, लेन्स पूर्ण बंद, उद्या सकाळी पुन्हा दाखवायचं.

"दुखतंय मात्र फार," ते कागद देताना म्हणाले, जरा स्वतःशीच बोलल्यासारखे. "जखमेच्या मानानं जास्तच दुखतंय. बघू उद्या."

ताईंचं घर तिथून जवळच होतं. खारूला पडदे ओढून आतल्या खोलीत झोपवलं. मामीनं पहिले थेंब घातले. खारूनं ओठ दातांखाली धरले, पण हूं की चूं केलं नाही. लहानपणी पडली की तशीच करायची.

"डबी आणा, ताई," मामी म्हणाली. "लेन्स, डबी, पाणी, जे काय आहे ते सगळं आणा. टाकून द्यायचं. यातलं काही परत वापरायचं नाही."

"आणते," ताई म्हणाल्या.

लेन्सची डबी बेसिनपाशी होती. खरंच पुसून उलटी ठेवलेली, खाली स्वच्छ घडी केलेला रुमाल. मामीनं ती हातात घेतली आणि तिला स्वतःचाच राग आला. इतकी नीट डबी तिच्या एकाही गिऱ्हाइकाकडे नसेल. आणि आपण पोरीला लबाड ठरवत होतो.

ताई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांच्या हातात झाकण ठेवलेलं स्टीलचं भांडं होतं.

"हे काय?" मामीनं विचारलं.

"पाणी. आणा म्हणालीस ना?"

"बाटली आणा, ताई. पाण्याची बाटली."

"बाटली कुठली? तू दिलेली ती केव्हाच संपली. हे आज सकाळीच केलंय मी."

"केलंय म्हणजे?"

"म्हणजे काय? उकळून गार केलंय. फडक्यातून गाळलंय, दोनदा. नळाचं चालत नाही असं तूच म्हणाली होतीस ना? मग! मी काय माझ्या मुलीच्या डोळ्यात नळाचं घालीन?" त्यांनी झाकण काढून भांडं मामीपुढे धरलं. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "बघ. तुझ्या त्या बाटलीतल्यापेक्षा स्वच्छ आहे."

मामीनं बघितलं. भांड्याचा तळ स्पष्ट दिसत होता.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. डोक्यात तिचाच आवाज घुमत होता, आरशासमोरचा, हेडबाईचा. पाणी रोज बदलायचं. पाणी संपलं की सांगा. या पाण्याशिवाय कशात ठेवू नका. बाटलीवर त्या औषधी द्रावाचं लांबलचक नाव होतं. ते कुणीच घेत नसे. नव्या गिऱ्हाइकाला सोल्युशन म्हटलं की ते बिचकायचं, रसायन वाटायचं त्याला. म्हणून कधीतरी तिनंच सोपं करून पाणी म्हणायला सुरुवात केली होती. तिच्याकडे माल टाकणारा पाण्याचे खोके म्हणायचा. डॉक्टर पाणी म्हणायचे. इतकी सवय झाली होती की त्या शब्दात तिला पाणी ऐकूच येत नव्हतं. आणि या घरात पाणी म्हणजे पाणीच होतं, बाकी कुठंही असतं तसं.

"काय झालं?" ताई म्हणाल्या. "अशी काय बघतेस?"

"किती दिवस देताय हे?"

"बाटली संपल्यापासून. तिला वेळ कुठं असतो? म्हणाली, आई, पाणी संपलंय लेन्सचं. मी म्हटलं, पाणीच ना? त्यासाठी दुकानात कशाला जायचं?"

आतून खारूचा आवाज आला. "थोडं झोंबायचं, मामी. पण तू म्हणाली होतीस ना, सुरुवातीला झोंबतं, सवय होते."

तेही मामीच म्हणाली होती.

तिनं फोन बाहेर काढला आणि तो नुसताच हातात धरून उभी राहिली. उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवायचंच आहे. तेव्हा सांगता येईल, बोलता बोलता, सहज. आत्ता फोन करून काय सांगायचं? तुम्ही ज्या शिकवणीला शाब्बास म्हणालात, तीच नडली? तिच्या दुकानात येणारी अर्धी माणसं डॉक्टरांनी पाठवलेली होती. आणि इथं ताई समोर उभ्या होत्या, भांडं हातात धरून. आत्ता बोललेला प्रत्येक शब्द त्या ऐकणार होत्या आणि आयुष्यभर ऐकवणार होत्या. एक रात्र थांबलं तर काय बिघडेल?

पण पाण्यानं काय बिघडतं, ते तिनं वाचलेलं होतं. पाण्यात डोळ्याला दिसणार नाही असा जीव असतो. पोटात गेला तर काही करत नाही. लेन्सखाली सापडला तर बुबुळ खातो. जखमेच्या मानानं जास्तच दुखतं. नेहमीच्या थेंबांनी तो मरत नाही.

आत खारूनं कूस बदलली आणि न राहवून पहिल्यांदा मोठ्यानं कण्हली.

मामीनं फोन लावला.

"डॉक्टर, खारू मघाशी पाणी म्हणाली ना तुम्हाला. रोज बदलते म्हणून."

"हो. मग?"

"ते पाणी होतं."

"बरं. मग?"

"तसं नाही, डॉक्टर. पाणी. पिण्याचं. घरी उकळलेलं. ती ज्याला पाणी म्हणत होती ते पाणीच होतं."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कुणी सांगितलं तिला पाण्यात ठेवायला?"

मामीनं डोळे मिटले. "मी. मी बाटलीतल्या द्रावाला पाणी म्हणते. तुम्हीपण म्हणता."

"घेऊन या तिला," डॉक्टर म्हणाले. "आहे तशी घेऊन या. मी थांबतो."

फोन ठेवून ती वळली. ताईंनी भांडं अजून तसंच धरलं होतं. मग त्यांनी ते हळूच जमिनीवर ठेवलं, सांडू नये एवढ्या काळजीनं, आणि चपला शोधू लागल्या.

दवाखाना रिकामा झाला होता. डॉक्टर खारूला आत घेऊन गेले, डोळा बधिर केला आणि बुबुळावरून बारीकसं खरवडून काचेवर घेतलं. मामीला त्यांनी आत येऊ दिलं. खारूचा हात धरायला कुणीतरी हवं होतं. खारूची बोटं गार होती.

"मी रोज बदलत होते गं, मामी," ती हळूच म्हणाली. "सकाळी लवकर निघायचं असलं तरी."

"हो गं राणी. बोलू नकोस. हलू नकोस."

 

नंतर त्या दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या, ताई आणि मामी, मध्ये पर्स. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर होते. दाराची वरची काच उजळलेली होती. ताई तिकडेच बघत होत्या.

"उकळलेलं होतं," त्या म्हणाल्या. "चांगलं खळखळून उकळायची मी."

"हो, ताई."

"तरी?"

"उकळल्यावर गार करायला ठेवलं, फडकं लावलं, भांडं बदललं. प्यायला चालतं ते. डोळ्याला नाही चालत. उकळलं नसतं तरी हेच."

ताईंनी मान हलवली. मामी टोमण्याची वाट बघत राहिली. आता येईल. तिला पाठ होतं ते सगळं, कसं सुरू होईल आणि कुठं जाऊन थांबेल. येऊ दे, तिला वाटलं. या वेळी मी ऐकून घेईन. तोंडातून शब्द काढणार नाही.

शेवटी तिच्यानंच राहवेना.

"ताई, मी पाणी म्हणाले. मी तसं म्हणायला नको होतं."

"पाणी म्हणालीस," ताई म्हणाल्या. "मी पाणी दिलं. पाण्याला पाणी म्हणणारच ना माणूस. तुझं काय चुकलं त्यात?"

मामीनं चमकून त्यांच्याकडे बघितलं. आवाजात टोमणा नव्हता. खाली बघून, पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत, त्या खरंच तसं म्हणाल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं आपल्याला एवढं तरी म्हणावं म्हणून मामी आसुसली होती. आता ते मिळालं, आणि ते तिला घेता येईना. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फार बरं झालं असतं.

"माझ्याच हातानं दिलं गं मी," ताई म्हणाल्या. "रोज सकाळी. ती झोपलेली असायची तेव्हा."

मामीनं मधली पर्स उचलून पलीकडे ठेवली आणि त्यांच्या जवळ सरकली. दोघींपैकी कुणालाही पुढं काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून त्या तशाच खांद्याला खांदा लावून बसून राहिल्या.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी हातमोजे काढले नव्हते.

"पाण्यातलंच आहे, अशी दाट शंका आहे," ते म्हणाले. "पक्कं उद्या कळेल, पण मी थांबणार नाही. औषध आत्ताच बदलतो. दर तासाला घालायचं, रात्रीसुद्धा. बरं व्हायला महिने लागतात याला. कंटाळायचं नाही."

"दिसेल ना तिला?" ताईंनी विचारलं.

"आज कळलं हे फार चांगलं झालं. मी तेच थेंब चालू ठेवले असते अजून." त्यांनी मामीकडे बघितलं, आणि मग नजर दुसरीकडे वळवली. "डोळा राहील. डाग किती राहील आणि त्यातून किती दिसेल, ते आज नाही सांगू शकत."

"आणि तिची बस?"

"बसचं आत्ता विचारू नका," डॉक्टर म्हणाले.

दार उघडंच होतं. आतल्या पलंगावर खारू डोळ्यावर कापसाची घडी घेऊन पडली होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार.  दुसरा, चांगला डोळा उघडा ठेवून ती छताकडे बघत होती.

डॉक्टर आत गेल्यावर ताईंनी पदरानं तोंड पुसलं. पुन्हा ताठ बसल्या. आणि बोलल्या तेव्हा आवाज पहिल्यासारखाच करडा होता.

"अजून कुणाकुणाला म्हणालीस?"

"काय?"

"पाणी बदला म्हणून. आरशापुढे बसवून सगळ्यांना पढवतेस ना तू? त्यांतल्या किती जणांच्या घरी माझ्यासारखी कुणीतरी आहे?"

 हे मामीला स्वतःला सुचायला हवं होतं. खारूच्या डोळ्यापुढे तिला बाकी काही दिसलंच नव्हतं.

तिनं फोन काढला. लेन्सवाल्यांची नावं तिच्या फोनमध्ये नंबरानिशी होती, चष्म्याच्या नंबरानिशी. माणसं तिला तशीच लक्षात राहायची. मायनस चार, बँक. मायनस सहा, चित्रकलेचे सर. मायनस तीन, नाचाच्या बाई. त्यातल्या काही जणांनी तिच्याकडून बाटली नेणं बंद केलं होतं. दुसरीकडून घेत असतील असं धरून तिनं त्यांची नावं कधी मनावर घेतली नव्हती.

"मला सांग नंबर," ताई स्वतःचा फोन पर्समधून काढत म्हणाल्या. "मी माझ्या फोनवरून लावते. एकटीनं कधी पुरं व्हायचं तुझं?"

मामीनं पहिला फोन नाचाच्या बाईंना लावला. मागे तबला वाजत होता, पोरींच्या पावलांचा आवाज येत होता. बाई धापा टाकत बोलायला आल्या.

"बोला ना मॅडम! कशी काय आठवण काढलीत?"

"लेन्सचं विचारायचं होतं. डोळे बरे आहेत?"

"एकदम मस्त. तुम्ही सांगितलं तसंच करते सगळं. पाणी तर न चुकता रोज बदलते."

मामीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुठलं पाणी?"

बाई हसल्या. मागे तबला थांबला होता.

"अहो मॅडम, पाण्यात कुठलं काय असतं?"